मास मीडियाची पदवी, अठरा हजारांचा पगार आणि शैक्षणिक कर्ज

कृष्णाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "मास मीडिया म्हणजे आईबापांच्या पैशाचा चुराडा, ज्यांना अभ्यास नको ती मुलं तिकडे जातात." फार राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय. शिव्या डिग्रीला नका देऊ, फीला द्या. साध्या संलग्न कॉलेजात विनाअनुदानित तुकडी असली तरी फी हजारांत असते. तीच तीन वर्षं खासगी विद्यापीठात काढली की सहा-आठ लाख जातात. दरवर्षी २ लाख असं ६ लाखांचं कर्ज धरा, व्याज १०.५ टक्के. शिकताना आणि पुढे वर्षभर हप्ता नाही, पण व्याज चालूच. हप्ता सुरू होईपर्यंत ६ लाखांचे ७ लाख ८९ हजार होतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १० हजार ६५०. माझी भाची पुण्यात एका बातम्यांच्या पोर्टलवर महिना १८ हजारांवर लागली. कॉट बेसिस, मेस, बसचा पास... पुढचं तुम्हीच मांडा.

रेवती_पीआर: हिशेब बरोबर, उदाहरण चुकीचं. मीडिया म्हटलं की सगळ्यांना बातमीदारच दिसतो. मी जुनी बीएमएम, म्हणजे मास मीडियाचीच पदवी, तिसऱ्या वर्षाला जर्नलिझम सोडून अ‍ॅडव्हर्टायझिंग घेतलं. आज कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या जनसंपर्काच्या कामात, आहे आणि माझा पगार इंजिनिअर नवऱ्यापेक्षा जास्त आहे. भाचीने क्षेत्र बदलावं.

कृष्णाकाठ: रेवतीताई, तुम्ही मुंबईत, इंग्रजी माध्यमातून, घरी राहून शिकलात. माझी भाची इस्लामपूरची. पीआर (जनसंपर्क) एजन्सीच्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत तिचं इंग्रजी तोललं गेलं.

रेवती_पीआर: मी वसईहून लोकलला लटकत जायचे. घरी राहून शिकले म्हणजे आयतं मिळालं असं समजू नका.

नाशिकचा बँकवाला: नियमाने साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. तरी शाखेत आढेवेढे घेतले जातात, कारण या कोर्सची थकबाकी आम्ही बघतो. सहकर्जदार वडील असतात. मुलाने हप्ते चुकवले की त्यांचा सिबिल स्कोअर, म्हणजे बँक बघते ती पत, पडतो आणि पुढे त्यांना घरदुरुस्तीचं कर्जही मिळत नाही. २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना चांगली आहे, पण ती ठरावीक नामांकित संस्थांपुरती. गल्लोगल्ली उघडलेली मीडिया इन्स्टिट्यूट त्यात नाहीत. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातली वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. अठरा हजारवाल्याला तर कर भरावाच लागत नाही, त्याला तिचा उपयोग काय?

तालुक्याचा वार्ताहर: तुम्ही अठरा हजारांवर रडताय. मी बावीस वर्षं तालुक्याला बातमीदारी केली. पगार नाही, मानधन, तेही वेळेवर नाही. वर कार्यालयातून फोन, "आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी आहे, जाहिराती किती आणताय?" कमिशनवर घर चालवायचं आणि ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याच्याच विरोधात बातमी लिहायची? हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

शाईवाला: पत्रकारांचे पगार ठरवणारा मजिठिया वेतन आयोग २०११ ला अधिसूचित झाला, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला, २०१७ ला कंत्राटी पत्रकारांनाही लागू असल्याचं सांगितलं. मग तुम्ही लोक भांडला का नाहीत?

तालुक्याचा वार्ताहर: कोणाशी भांडू? नेमणूकपत्रच नाही! ओळखपत्रावर 'अंशकालीन' लिहिलेलं. आमच्या जिल्ह्यात एकाने अर्ज केला, आठवड्यात त्याच्या जागी दुसरा आला. पुण्यात बसून कायदा शिकवू नका.

शाईवाला: पुण्यात नाही, जळगावात बसून लिहितोय. मीही वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. 'मला वेतन आयोग नको' अशा कागदावर आमच्याकडून सह्या घेतल्या होत्या. तुमच्यासारखे गप्प राहिले म्हणून आमचंही बळ गेलं.

तालुक्याचा वार्ताहर: सही तुम्ही केली आणि दोष मला?

नाशिकचा बँकवाला: वेगळा धागा काढा. इथे विषय कर्जाचा आहे.

शाईवाला: विषय हाच आहे. पगार का वाढत नाही हे विचारल्याशिवाय हप्त्याचं रडगाणं कशाला?

लातूरकर पालक: मुलीने बारावीनंतर मीडियाच घ्यायचं ठरवलंय. एका खासगी संस्थेने माहितीपत्रकात 'सर्वोच्च पॅकेज' मोठ्या अक्षरात छापलंय. सरासरी किती ते फोनवर विचारलं तर म्हणाले, कॅम्पसला या. मला यातलं कळत नाही. जमीन गहाण टाकू का?

रेवती_पीआर: दादा, जमिनीला हात लावू नका. मी क्षेत्राच्या बाजूने भांडतेय, त्या संस्थांच्या नाही. मागच्या दोन बॅचची मुलं कुठे लागली ते विचारा आणि त्यातल्या चौघांना स्वतः फोन करा. संस्था नंबर देत नसेल तर तिथून उठा. साध्या कॉलेजात पदवी करू द्या, सोबत व्हिडिओ एडिटिंग आणि इंग्रजी लेखन पक्कं करून घ्या. पदव्युत्तरला पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारखं सरकारी विद्यापीठाचं ठिकाण बघा.

कृष्णाकाठ: म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच. फीला शिव्या द्या.

रेवती_पीआर: फीपुरतं मान्य. भाचीला मराठी पोर्टलवरच चिकटवून ठेवणं मान्य नाही. तिचा सीव्ही पाठवा, इंग्रजी मी बघते.

तालुक्याचा वार्ताहर: लातूरकर, मुलगी बातमीदारीत जाणार असेल तर नेमणूकपत्र घेतल्याशिवाय एक ओळ लिहू देऊ नका.

शाईवाला: आणि कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका.