रेडिएटर अर्धा गार, अर्धा गरम : नेमकं बिघडलंय काय? (लाइपझिग)

चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही लाइपझिगमध्ये एका जुन्या, उंच छताच्या इमारतीत सगळ्यात वरच्या, म्हणजे चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. हीटिंग तळघरातून, पूर्ण इमारतीला एकच; तिथलं गरम पाणी पाइपातून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. आमच्या घरात तीन रेडिएटर आणि तिघांच्या तीन तऱ्हा.

हॉलमधला खालून गरम, वरून गार, आणि रात्री त्याच्या पोटात गुडगुड चालू असते. बेडरूममधला ठार गार. नॉब ५ वर नेला तरी ढिम्म. गंमत म्हणजे त्याच्याकडे येणारा पाइप चांगला कढत आहे! स्वयंपाकघरातल्याचं बरोबर उलटं. नॉब सगळ्यात खालच्या, चांदणीच्या खुणेवर ठेवला तरी हा आपला तापलेलाच. भाजी फोडणीला टाकली की खिडकी उघडावी लागते.

नोव्हेंबरात सांगलीहून सासूबाई आल्यात. त्यांना दिलेली खोली नेमकी गार रेडिएटरची. कानटोपी, दोन स्वेटर, वर गोधडी, तरी "अगं, हाडात शिरतंय" चालूच. म्हणून हॉल आणि त्यांची खोली यांच्यामधलं दार रात्रभर सताड उघडं ठेवतो, तेवढीच ऊब आत जावी. आता त्यांच्या कपाटामागे, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागलेत. घरमालकांच्या ऑफिसात फोन केला तर रेडिएटरसाठी "हवा काढा" आणि बुरशीसाठी "तुम्ही खिडक्या उघडत नाही". झालं. फोन ठेवला.

हवा काढायची म्हणजे नक्की काय करायचं? ते भाडेकरूचं काम आहे का? आणि एवढं थंडीत कुडकुडून वर्षअखेरीला हीटिंगचं जादा बिल कसं येतं, हे कुणी सांगेल का?

निवांत_म्युनिक

एक ऑइलचा इलेक्ट्रिक हीटर घ्या, चाकं असलेला. सासूबाईंच्या खोलीत लावा. भानगडच नको.

पाना_पक्कड

निवांतराव, भानगड मग बिलात येते. दोन हजार वॉटचा हीटर पाच तास चालला की दहा युनिट. इथे विजेचा युनिट पस्तीस-चाळीस सेंटला पडतो, गॅसच्या साधारण तिप्पट. महिनाभर चालवून बघा आणि मग सांगा.

ताई, मी मूळचा इचलकरंजीचा, श्टुटगार्टकडे इमारतींच्या हीटिंगचंच काम करतो. तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की अर्धं निदान त्यातच झालं. ऑफिसने तिन्हीला एकच औषध दिलं, पण तिघांचे आजार वेगळे आहेत. आमच्या धंद्यात नॉबला हात लावायच्या आधी पाइपला हात लावतात. पाणी आत येतंय का, आणि आलंय तर परत जातंय का, एवढंच आधी बघायचं.

हॉलपासून सुरू करू. वरून गार, खालून गरम आणि गुडगुड म्हणजे आत हवा अडकलीय. पाण्यातून सुटलेली हवा वर वर जात शेवटी सगळ्यात वरच्या मजल्यावर जमते, म्हणजे तुमच्याकडे. ही हवा काढणं भाडेकरूला जमण्यासारखं आहे. चौकोनी भोकाची ५ मिमीची किल्ली कुठल्याही बाउमार्क्टमध्ये (घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात) एक-दोन युरोला मिळते. रेडिएटरच्या वरच्या टोकाला, सहसा नॉबच्या विरुद्ध बाजूला, छोटा व्हॉल्व्ह दिसेल. खाली फडकं, तोंडाशी पेला. किल्ली पाव ते अर्धा आटा फिरवायची, त्याहून जास्त नाही. फुस्स करून हवा येईल, मग हवा-पाणी मिळून थुंकेल, मग सरळ धार लागेल. धार लागली की बंद. पाणी गरम असतं, आणि काळं, वास मारणारं असू शकतं. ते आतल्या लोखंडाचं काम आहे, घाबरू नका. फक्त पांढऱ्या भिंतीवर उडू देऊ नका, डाग जात नाही.

हवा काढल्यावर हाउसमायस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, एक निरोप मात्र द्या: तळघरातला दाब बघ. दहा मीटर उंच पाण्याला सुमारे एक बार दाब लागतो. उंच छताच्या इमारतीत तळघरापासून तुमच्या रेडिएटरपर्यंत पंधराएक मीटर धरले तर नुसतं पाणी वर पोचायलाच दीड बार, त्यावर थोडी शिल्लक हवी. काटा त्याच्या खाली असेल तर तुम्ही दर पंधरवड्याला हवा काढत बसाल आणि ती परत परत येईल. असं झालं की तो तुमचा प्रश्न राहत नाही. एक्सपान्शनची, म्हणजे पाण्याचा दाब सांभाळणारी, टाकी गेली असेल, कुठे गळत असेल, ते शोधणं मालकाचं काम.

आता बेडरूम. पाइप कढत आणि रेडिएटर ठार गार, इथे हवेचा संबंध नाही. नव्वद टक्के पिन अडकलीय. नॉबच्या आत द्रवाने, मेणाने किंवा वायूने भरलेली डबी असते. खोली तापली की ती फुगते, एक बारीक पिन आत दाबते आणि पाणी अडतं. खोली निवली की डबी आकसते, पिन स्प्रिंगने बाहेर येते. ही युक्ती १९४३ मध्ये डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेनने काढली, डॅनफॉस कंपनीवाला तोच, आणि आजही मूळ गोष्ट तीच आहे. उन्हाळाभर नॉब बंद ठेवला की पिन आत दाबलेलीच राहते आणि तिथेच चिकटते.

नॉब ५ वर फिरवा, मागची गोल नट हाताने किंवा पकडीला कापड लावून सोडा, नॉब अख्खा निघेल. (काही मॉडेलना नट नसते, खटका असतो. जोर लावू नका.) मध्ये पिन दिसेल. पकडीच्या सपाट बाजूने हळूच आत दाबा. तीन-चार मिलिमीटर आत जाऊन आपोआप बाहेर आली पाहिजे. येत नसेल तर बाजूने हलके टकटक करा, पुन्हा दाबा. पिन ओढायची नाही. उपटून हातात आली तर गरम पाण्याचं कारंजं थेट सासूबाईंच्या गोधडीवर. छातीत धस्स होत असेल तर हाउसमायस्टरला बोलवा, त्याचं पाच मिनिटांचं काम आहे. आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळे नॉब ५ वर उघडे सोडून द्या. तेव्हा हीटिंगच बंद असतं, खर्च काही नाही.

स्वयंपाकघरात पिन उलट्या बाजूला अडकलीय, नाहीतर नॉबमागच्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा बसलाय. तो बंद होतच नाही. तुमचं जादा बिल बरंचसं तिथून आलं असणार. त्या रेडिएटरवर चिकटवलेली छोटी पांढरी डबी बघा, ती तो किती तापला याची नोंद ठेवते. तुम्ही खिडकी उघडून जी ऊब अंगणात सोडताय ती तुमच्याच नावावर लागतेय. हा व्हॉल्व्ह बदलायला लागेल आणि तो खर्च मालकाचा.

एक सवय मात्र आज मोडा. नॉबवरचे आकडे म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नाही. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. ३ म्हणजे खोली साधारण २० अंशांवर आणून थांब. दर आकड्याला चारेक अंश: २ म्हणजे १६, ४ म्हणजे २४. चांदणी म्हणजे ६ अंशांच्या आसपास, पाइप गोठू नयेत एवढ्यापुरती. आणि खोली तापल्यावर रेडिएटर खालून गार लागला तर तक्रार करू नका. नॉबने पाणी कमी केलंय, आलेल्या पाण्याची ऊब वरच संपतेय. यासाठी आम्हाला जितके फोन येतात तितके बिघाडासाठी येत नाहीत.

लीड्सवाला_बंड्या

पाना_पक्कड यांना +१. आमच्याकडे इंग्लंडात बहुतेक घरांत स्वतःचा बॉयलर, त्यामुळे हवा काढून दाब उतरला की आपणच सिंकखालची नळी उघडून पाणी भरतो. आणि एक, बॉयलरचं पाणी ७५ अंशांवरून साठच्या खाली आणलं तर गॅस वाचतो. कंडेन्सिंग बॉयलरला परत येणारं पाणी ५५ च्या खाली मिळालं तरच तो धुरातली ऊब काढून घेतो. चिपळूणकरीण, तुम्हीही करून बघा.

पाना_पक्कड

बंड्याभाऊ, त्यांच्या तळघराची किल्ली त्यांच्याकडे नाही. तिथे बाहेरच्या थंडीप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप वरखाली होतं, भाडेकरू काही करू शकत नाही. आणि पाणी कोमट केलं की रेडिएटर मोठा लागतो. ७५ अंशांनी येऊन ६५ ने परत जाणाऱ्या पाण्यावर जो हजार वॉट देतो, तोच ५५-४५ वर जेमतेम पाचशे देतो. तुमच्या लीड्सच्या घरात खपून जाईल, उंच छताच्या जुन्या खोलीत नाही.

समारा_रिटर्न

एमबीबीएससाठी रशियात होतो. तिथे नॉबबिब काही नाही, निदान आमच्या होस्टेलला नव्हता. शहराचं गरम पाणी. सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली गेलं की अख्ख्या शहराचं हीटिंग सुरू. त्याआधी कितीही कुडकुडा. सुरू झालं की खोलीत बनियनवर बसायचं आणि खिडकीची वरची छोटी झडप उघडायची.

अवांतर: रशियातल्या समारा शहरात रेडिएटरचं स्मारक आहे, २००५ चं. पीटर्सबर्गच्या सान-गाली नावाच्या कारखानदाराने १८५५ मध्ये रेडिएटर काढला, त्याची दीडशे वर्षं म्हणून. वर खिडकीच्या कट्ट्यावर पितळी रंगाचं मांजर पहुडलंय. सासूबाईंना फोटो दाखवा.

चिपळूणकरीण

सगळ्यांचे आभार! हॉलची हवा काढली. अर्धा पेला काळं पाणी आलं आणि गुडगुड थांबली. पिनला हात लावायचं धाडस माझं नाही झालं, पण यजमानांनी केलं. टकटक, दाब, टकटक, आणि ती टुणकन बाहेर. दहा मिनिटांत रेडिएटर वरपर्यंत गरम. सासूबाईंनी आधी पाठ टेकवली आणि मग त्यावर आपली नऊवारी वाळत घातली. आता तिथून काढायला तयार नाहीत.

बुरशीचं मात्र काय करू? ऑफिसवाले म्हणतात तसं खरंच आमच्या खिडक्या न उघडण्यामुळे आहे का?

पाना_पक्कड

थोडं आहे, पण त्यांचा बंद रेडिएटर त्यात जास्त आहे. तो गार, म्हणून तुम्ही दार उघडं ठेवलं. हॉलची आणि स्वयंपाकघराची दमट, गरम हवा रात्रभर त्या गार खोलीत गेली, आणि सगळ्यात गार जागी, कपाटामागच्या कोपऱ्यात, तिचं पाणी झालं. गार खोली शेजारच्या खोलीच्या हवेवर तापवायची नसते, हा इथला पहिला नियम. आता तिथला रेडिएटर चालतोय तर दार बंद ठेवा, नॉब ३ वर. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दिवसातून तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं वारा जाऊ द्या, तेवढा वेळ नॉब बंद. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवू नका, त्याने हवा कमी बदलते आणि भिंत गार पडते. दहा युरोचा आर्द्रता मोजणारा काटा आणा, साठ टक्क्यांच्या वर राहू देऊ नका.

नऊवारीचं जड जाईल, पण काढाच. एक तर तेवढं पाणी खोलीच्या हवेत जातं. दुसरं, नॉब कापडाखाली झाकला गेला की त्याला वाटतं खोली तापली, आणि तो पाणी बंद करतो. सासूबाईंना हे दुसरं कारण सांगा, ते पटेल.

आता ऑफिस. फोन करू नका, लिहून पाठवा, मेल चालेल. बेडरूमचा रेडिएटर कधीपासून बंद होता, कधी कळवलं, आता कसा सुरू केला, स्वयंपाकघरातला बंद होत नाही, कोपऱ्यात बुरशी, फोटो जोडून, तारखांसह. तिन्ही गोष्टी एकाच पत्रात, म्हणजे बुरशीचं खापर फक्त खिडक्यांवर फोडता येणार नाही. हीटिंगचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल धरतात आणि दिवसा राहत्या खोलीत २० ते २२ अंश मिळाले पाहिजेत असं इथली कोर्टं मानत आली आहेत. खोलीच्या मध्यभागी, मीटरभर उंचीवर थर्मामीटर ठेवून काही दिवस आकडे लिहून ठेवा.

बिलाचं म्हणाल तर इथल्या नियमाप्रमाणे ५० ते ७० टक्के खर्च तुमच्या वापरावर लागतो, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. त्यामुळे सगळं बंद करून कुडकुडलात तरी दुसरा भाग सुटत नाही. हिशेब हातात आल्यापासून बारा महिन्यांत आक्षेप घेता येतो. गेल्या वर्षीचा कागद काढा आणि स्वयंपाकघरातल्या डबीचे युनिट बाकीच्या दोघांशी ताडून बघा.

चिपळूणकरीण

बघितले. हॉल आणि बेडरूम मिळून जेवढे, त्याच्या दुपटीहून जास्त एकट्या स्वयंपाकघराचे! पत्र आज रात्रीच लिहिते. जर्मन मसुदा इथे टाकला तर कुणी नजर घालेल का?

पाना_पक्कड

टाका. नाव-पत्ता तेवढा खोडून.