सुपरहिरो सिनेमांचा गल्ला: आपण नेमका कशाचा अभिमान बाळगतो?

जुनी पानं

२०१९ च्या जुलैमध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'नं 'अवतार'ला जगभरच्या कमाईत मागे टाकलं, तेव्हा मी रोज सकाळी उठून आधी आकडे बघत होतो. जूनच्या शेवटी थोडा जादा भाग जोडून सिनेमा पुन्हा लावला होता. कमाई २७९ कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि आम्ही मित्रांनी असा जल्लोष केला, जणू आम्हीच काहीतरी जिंकलं होतं. मग मार्च २०२१ मध्ये 'अवतार' चीनमध्ये पुन्हा लागला आणि पहिला नंबर परत घेऊन गेला. मला मनापासून वाईट वाटलं. दोन दिवसांनी मात्र विचार केला, की या मधल्या काळात 'एंडगेम'मध्ये काय बदललं? एक फ्रेमसुद्धा नाही. हातोडा कॅप्टन अमेरिकाच्या हातात जातो तेव्हा थिएटरमध्ये उठलेला तो आवाज तसाच माझ्या कानात आहे.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं, की आपण चाहत्यांनी गल्ल्याला पुरावा मानणं सोडून द्यावं. 'आमच्या सिनेमानं अब्ज डॉलर कमावले, म्हणून तो थोर' असं आपण दहा वर्षं म्हणत आलो. आता 'द मार्व्हल्स' २०२३ मध्ये जेमतेम २० कोटींवर थांबला, तर तीच काठी घेऊन लोक आपल्या पाठीत घालतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं. ती काठी त्यांच्या हातात आपणच दिली.

पहिला शो

पूर्ण विरोध. आणि मी हे भांडणासाठी भांडण म्हणून लिहीत नाहीये, मला हा मुद्दा खरंच महत्त्वाचा वाटतो.

गल्ला हीच प्रेक्षकाची सही आहे. समीक्षकाला लिहायचे पैसे मिळतात, पुरस्काराच्या मतदाराला सिनेमा घरपोच दाखवला जातो. स्वतःच्या खिशात हात घालतो तो फक्त प्रेक्षक. 'द डार्क नाइट' २००८ चा. सुपरहिरो सिनेमांतला अब्जाचा टप्पा ओलांडणारा पहिला. त्यातला अभिनेता हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत सिनेमाला जागा नव्हती. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी त्या विभागात पाचाऐवजी दहा नामांकनं आली, आणि त्या बदलामागे हा गदारोळ होता असं सर्रास मानलं जातं. कुणी न पाहिलेला सिनेमा डावलला गेला असता, तर असा आवाज उठला असता का?

दुसरं, आणि माझ्यासाठी जास्त जिव्हाळ्याचं. 'कॅटवुमन' (२००४) आणि 'इलेक्ट्रा' (२००५) आपटले आणि पुढची कितीतरी वर्षं त्या दोन नावांचा दाखला देऊन सांगितलं गेलं, की बाई नायिका असलेला सुपरहिरो सिनेमा चालत नाही. पुरुषांचे सिनेमे आपटले नव्हते का? १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' आठवा. पण म्हणून कुणी म्हटलं नाही की पुरुष नायक चालत नाही. बॅटमॅनला आठ वर्षांची विश्रांती दिली आणि २००५ मध्ये परत आणलं. आम्हा बायकांच्या वाट्याला हे तोंड बंद करणारं उत्तर कधी आलं? २०१७ मध्ये, 'वंडर वुमन'नं ८२ कोटी डॉलर कमावले तेव्हा. लेख लिहून, परिसंवाद भरवून ते झालं नव्हतं. 'ब्लॅक पँथर'चंही तेच. बहुतांश कृष्णवर्णीय कलाकार असलेला सिनेमा परदेशात चालत नाही, हे हॉलीवूडमध्ये गृहीतच धरलं होतं. २०१८ मध्ये त्याच्या १३४ कोटींपैकी जवळजवळ निम्मे अमेरिकेबाहेरून आले. तो आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नाही. तुम्ही तो सोडून द्या म्हणता, मी सोडणार नाही.

हिशेबी

दोघांचंही वाचलं. वाद गल्ल्यावर चालला आहे, पण गल्ला म्हणजे काय हे आधी नीट मांडू या.

जो आकडा जाहीर होतो, तो तिकिटांच्या विक्रीचा. तो स्टुडिओच्या हातात पडत नाही. अमेरिकेत ढोबळमानानं निम्मा थिएटरवाल्यांकडे राहतो, बाहेरच्या देशांत त्याहून जास्त, आणि चीनमध्ये तर स्टुडिओला चौथ्या हिश्श्याच्या आसपासच मिळतं. शिवाय बजेटमध्ये जाहिरातीचा खर्च धरलेला नसतो, तो वेगळा. म्हणून 'जस्टिस लीग' (२०१७) ६५ कोटी डॉलर कमावूनही तोट्याचा ठरला, कारण तो बनवायलाच ३० कोटींच्या घरात गेले होते. उलट 'जोकर' (२०१९) बनला सात कोटींच्या आत, चीनमध्ये लागलाही नाही आणि १०७ कोटी घेऊन गेला. एकूण कमाईच्या यादीत तो 'एंडगेम'च्या खूप खाली दिसेल. गुंतवलेल्या डॉलरमागे किती आले असं विचारलंत, तर यादी उलटीपालटी होते.

पण मला चाहत्यांना कळकळीनं सांगायचं आहे ते वेगळंच. एकूण आकडा बघूच नका, दुसरा वीकेंड बघा. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'नं २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १६.६ कोटी कमावले. पुढच्या वीकेंडला कमाई ६९ टक्क्यांनी घसरली. तिथली अखेरची बेरीज झाली ३३ कोटी, म्हणजे अर्धा धंदा तीन दिवसांत संपला होता. 'ब्लॅक पँथर'ची सुरुवात २० कोटींची आणि अखेर ७० कोटींवर. पहिल्या तीन दिवसांत जो येतो तो नावासाठी येतो: ट्रेलर बघून, पात्रावरच्या प्रेमापोटी, दुसऱ्यानं शेवट सांगून टाकायच्या आत. दुसऱ्या आठवड्यात येतो तो कुणीतरी 'बघच' म्हणून सांगितल्यामुळे. 'पहिला शो' म्हणतात ती सही मला मान्य आहे, पण ती दुसऱ्या आठवड्यात होते.

मागची रांग

सही, मत वगैरे शब्द वापरताना एक गोष्ट विसरली जाते. मतपत्रिकेवर एकच नाव असेल तर ते मतदान कसलं? 'एंडगेम' उत्तर अमेरिकेत ४,६०० हून जास्त थिएटरांत एकाच वेळी लागला, आणि प्रत्येक थिएटरात एकेका नव्हे, कित्येक पडद्यांवर. त्या आठवड्यात साधी कौटुंबिक गोष्ट किंवा लहानसा थरारपट घेऊन आलेल्या दिग्दर्शकानं कुठे जायचं?

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी २०१९ मध्ये म्हणाले की हे सिनेमे त्यांना सिनेमा वाटत नाहीत, थीम पार्कसारखे वाटतात. त्यावर चाहते इतके चिडले, की नंतर त्यांनी सविस्तर लेख लिहिला तो फारच थोड्यांनी वाचला. त्यातली खरी काळजी चवीची नव्हतीच. पडदे कुणाच्या ताब्यात आहेत आणि धोका पत्करायला कोण तयार आहे, ही होती. मला सुपरहिरो आवडत नाहीत असं नाही. 'लोगन' मी तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा शेवटी रडलोय. पण या गल्ल्याचा उत्सव होतो तेव्हा मला न लागलेले सिनेमे दिसतात.

पहिला शो

@मागची रांग, तुमची काळजी खोटी नाही, पण तुमचं गणित मला पटत नाही. पडदे मिळाले म्हणजे तिकिटं विकली जातात असं असतं, तर २०२३ मध्ये 'द फ्लॅश' २७ कोटींवर का अडला? 'द मार्व्हल्स'ला चार हजारांवर थिएटरं होती, तरी दुसऱ्या वीकेंडला तो ७८ टक्क्यांनी कोसळला. पडदे होते, खुर्च्या होत्या, जाहिरात होती. लोक आले नाहीत. त्याच वर्षी 'बार्बी'नं १४४ कोटी नेले आणि अणुबाँबच्या जनकावरचा तीन तासांचा 'ओपनहायमर' ९५ कोटींच्या पुढे गेला. प्रेक्षक कुणाच्या दावणीला बांधलेला नाही, हे सिद्ध करायला मला गल्ल्याचाच आधार घ्यावा लागतो.

@हिशेबी, दुसऱ्या वीकेंडचा मुद्दा एकदम मान्य. हे मी याआधी इतकं स्वच्छ वाचलं नव्हतं.

मागची रांग

'ओपनहायमर'चं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या बाजूनं जास्त बोलतं. तो ख्रिस्तोफर नोलनचा होता म्हणून बनला, आणि नोलनला एवढं स्वातंत्र्य बॅटमॅनच्या तीन सिनेमांनंतरच मिळालं. नवख्या दिग्दर्शकाला तसा विषय घेऊन कोण उभं करतं? पण 'द फ्लॅश'बद्दल तुमचं बरोबर आहे. पडदे असणं पुरेसं नाही, एवढं मी मागे घेतो. नसणं मात्र जीवघेणं ठरतं.

जुनी पानं

चर्चा चांगली चालली आहे. आता ज्यामुळे मला हा विषय टोचतो, ते सांगतो. मी सिनेमांच्या आधी कॉमिक्स वाचणारा माणूस आहे.

जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये स्वतः घडवलेल्या सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. दोघांत मिळून १३०. पुढे कितीतरी वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या आणि हरले. १९७० च्या दशकात शूस्टरची दृष्टी अधू झाली होती आणि दोघंही हलाखीत होते. चित्रकार जॅक कर्बीनं मार्व्हलची अर्धी सृष्टी कागदावर उभी केली. त्याच्या वारसांशी कंपनीनं तडजोड केली ती २०१४ मध्ये, म्हणजे तो जाऊन वीस वर्षं झाल्यावर.

आणि कंपनी तरी कशी? १९९६ मध्ये मार्व्हलनं दिवाळखोरी जाहीर केली. स्पायडर-मॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फँटास्टिक फोर फॉक्सकडे गेले. उरलेली, तेव्हा दुय्यम समजली जाणारी पात्रं तारण ठेवून २००५ मध्ये ५२.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सोय केली आणि त्यातून 'आयर्न मॅन' झाला. तो पडला असता तर पात्रं सावकाराच्या घरी गेली असती. २००९ मध्ये डिस्नीनं सुमारे ४०० कोटींना सगळंच विकत घेतलं. या साखळीत ज्यांनी रात्र रात्र जागून पेन्सिल चालवली, ते कुठे आहेत? गल्ल्याचा आकडा वाचताना मला ते १३० डॉलर आठवतात. म्हणून मला तो मिरवता येत नाही.

पहिला शो

हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. सीगल आणि शूस्टरबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यातला शब्दन् शब्द मान्य.

पण ती हकिकत तुम्ही अर्ध्यावर थांबवलीत. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा येणार हे जाहीर झालं, तेव्हा सीगलनं वर्तमानपत्रांना जाहीर पत्र पाठवून आपली परवड मांडली. व्यंगचित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कोट्यवधींच्या सिनेमाच्या तोंडावर ही बदनामी सुपरमॅनचे हक्क असलेल्या कंपनीला परवडणारी नव्हती. त्या वर्षाच्या डिसेंबरात दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन मंजूर झालं आणि पात्राचे जनक म्हणून त्यांची नावं सुपरमॅनवर परत आली. कोर्टानं जे दिलं नाही, ते होऊ घातलेल्या गल्ल्याच्या धाकानं दिलं. रक्कम तुटपुंजी होती, कबूल. १९७८ च्या त्या सिनेमानं ३० कोटी कमावले. पण सिनेमाच आला नसता तर तेवढंही मिळालं नसतं, आणि मला वाटतं, ती दोन नावं आज तुम्हाआम्हाला ठाऊकही नसती.

जुनी पानं

हे मला माहीत होतं आणि तरी मी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. सिनेमामुळेच नावं परत आली, हे खरं. तरीही ते पत्र सीगलनं लिहिलं. गल्ल्यानं नाही.

कोरी चौकट

मी सगळ्यांपेक्षा लहान असेन बहुतेक. मला एकच विचारायचं आहे. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' २०१८ मध्ये ४० कोटींपर्यंतही पोचला नाही. त्याच वर्षी 'अ‍ॅक्वामॅन' ११० कोटींच्या पुढे गेला. पण मी चित्रं काढायला लागलो ती स्पायडर-व्हर्समुळे. छपाईचे ठिपके, मुद्दाम सरकलेले रंग, त्यातला नायक माइल्स अजून शिकाऊ आहे म्हणून त्याची हालचाल कमी फ्रेममध्ये ठेवणं, हे सगळं त्यानंतरच्या कितीतरी अ‍ॅनिमेशनपटांत दिसायला लागलं. हे कुठल्या रकान्यात मोजायचं?

हिशेबी

@कोरी चौकट, कुठल्याच रकान्यात नाही, निदान त्या वर्षीच्या तरी नाही. पण पुढचा भाग २०२३ मध्ये आला आणि त्यानं ६९ कोटी कमावले, पहिल्याच्या पावणेदोनपटीहून जास्त. पुढचे भाग बहुतेकदा खर्चानं फुगतात आणि आधीच्या पुण्याईवर चालतात. इथे मधल्या पाच वर्षांत लोकांनी पहिला भाग घरी बसून पाहिला, एकमेकांना दाखवला. तुमच्यासारख्यांनी त्यावरून चित्रं काढली. ती सगळी माणसं दुसऱ्या भागाला तिकीट काढून आली. पहिल्या भागाची अर्धी कमाई दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली, असं मी धरतो.

मागची रांग

@हिशेबी, मग एक सोडवाच. २०२५ चा 'सुपरमॅन' आणि २०१३ चा 'मॅन ऑफ स्टील' यांच्या चाहत्यांत वर्षभर जुंपली आहे. एक गट म्हणतो जुना जिंकला, दुसरा म्हणतो नवा. कोण बरोबर?

हिशेबी

जगभरचा आकडा घेतलात तर जुना पुढे: सुमारे ६७ कोटी, नव्याचे ६१ कोटींच्या थोडे वर. आणि जुना बारा वर्षांपूर्वीचा, म्हणजे आजच्या पैशांत तो आणखी पुढे जाईल. उत्तर अमेरिकेत मात्र नवा पुढे: ३५ कोटी विरुद्ध २९ कोटी. आता दुसऱ्या आठवड्याची कसोटी लावू. जुन्यानं तिथे पहिल्या वीकेंडच्या अडीच पट कमावले, नव्यानं साधारण २.८ पट. म्हणजे नवा ज्यांनी पाहिला, त्यांनी तिथे दुसऱ्यांना जास्त पाठवलं. बाहेरच्या देशांत मात्र जुन्यानं ३७ कोटींच्या वर नेले आणि नवा २६ कोटींच्या आसपास थांबला.

पहिला शो

माझी सही नव्यावर आहे. दुसऱ्या आठवड्यात गेले होते, आईला घेऊन.

जुनी पानं

मी दोन्ही पाहिले. जुन्यात तो पहिल्यांदा उडायला शिकतो ते दृश्य, आणि नव्यात भर युद्धात तो एका खारीला वाचवतो ते. यांपैकी कुठलं जास्त सुपरमॅनचं आहे, यावर कुणाला बोलायचं असेल तर मी आहे.