मुक्तिबोधांच्या आठवणी पुरे, आता कविता वाचा

राजवाडा_चौक: काल इथं एकानं लिहिलं की हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध कळायला त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी पुरतात, कविता नाही वाचली तरी चालेल. डोकंच फिरलं. माणूस आपल्या माळव्यातला, इंदूरच्या होळकर कॉलेजातला, कबूल. पण आठवणींत सापडतं काय? विडी, कर्ज, चहा आणि 1964 चं ते दिल्लीतलं शेवटचं दुखणं. प्रत्येक लेखात बिचारा नव्यानं बेशुद्ध पडतो. त्यांची दीर्घ कविता ‘अंधेरे में’ सलग वाचलीय कोणी? बंद खोल्यांत कोणीतरी चकरा मारतंय, पावलं वाजतात, माणूस दिसत नाही. भिंतीचा फुगलेला गिलावा गळतो आणि त्यातून आपोआप एक चेहरा तयार होतो. हे कुठल्या मित्राच्या आठवणीत मिळणार?

पोहे_जिरावन: शांत व्हा भिया (भैया). मुक्तिबोधांनी स्वतःचा कवितासंग्रह डोळ्यांनी पाहिला नाही. कविता निवडल्या कवी श्रीकांत वर्मांनी, प्रस्तावना कवी शमशेर बहादूर सिंहांची. ओळखणारे नसते तर तुम्ही आज गिलावा कुठून आणला असता?

राजवाडा_चौक: त्यांनी कविता छापून आणल्या, विड्या नाही मोजल्या.

क्षिप्राकाठ: विड्यांवरून भांडताय, मूळ दुखणं कोणी बोलत नाही. घरात मराठी आणि आयुष्यभर लिहिलं हिंदीत! धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, जन्म इथलाच, इंदूरचा. 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. त्यांच्या आठवणींचा धागा आजवर एकानं तरी काढला? थोरल्याला हिंदीवाल्यांनी डोक्यावर घेतलं म्हणून आपणही मागून टाळ्या पिटतोय.

पोहे_जिरावन: आई ईसागढची, हिंदी वातावरणात वाढलेली. ज्या भाषेत सुचलं त्या भाषेत लिहिलं. त्याची परवानगी काय तुमच्याकडून काढायची होती?

क्षिप्राकाठ: परवानगी नको, हळहळ तरी वाटू दे. आमच्या गल्लीत आता गणपतीची आरतीसुद्धा मोबाइलवर लावतात, पाठ कोणालाच नाही.

पोहे_जिरावन: तुमची नातवंडं घरात कुठल्या भाषेत बोलतात ते सांगा आधी.

क्षिप्राकाठ: नातवंडांवर जायचं काम नाही! सून भोपाळची आहे, तिला काय सांगणार मी? आणि तुम्ही स्वतः ‘भिया’ म्हणून सुरुवात करता, मला मराठी शिकवू नका.

तिसरा_मजला: आरती, सून, भोपाळ... विषय मुक्तिबोधांचा होता ना? माझं ऐका. माझे मामा कविता करायचे, दुकानाच्या जुन्या खतावणीत मागच्या कोऱ्या पानांवर. ते गेले तेव्हा तेराव्याला माणसांनी अंगण भरलं होतं. सराफ्यात भुट्ट्याचा किस कसा चाटूनपुसून खायचे, उधारीवाल्याला पाहून छत्री कशी तोंडावर धरायचे, सगळे पोट धरून हसले. मीही. खतावणी मात्र पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेली. आता मला छत्री आठवते, ओळ एकही आठवत नाही. तेव्हा राजवाडावाल्यांचं म्हणणं मला पटतं, पटवून घ्यायची इच्छा नसली तरी.

पोहे_जिरावन: मामांचं वाईट वाटलं. पण छत्रीसुद्धा कोणी सांगितली नसती तर मामा उरलेच नसते. हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाईंनी मुक्तिबोधांवर लिहिलं म्हणून मला तो माणूस आधी आवडला आणि मग कविता हातात घेतली. आधी कविताच दिली असती तर दुसऱ्या पानावर मिटून ठेवली असती. अवघड आहे ती, उगाच कशाला लपवू.

राजवाडा_चौक: चला, वाचलीत म्हणजे. इतकं सरळ आधीच म्हणाला असतात तर एवढी बोटं झिजली नसती. आठवणींना दार उघडायला ठेवा, मान्य. लोक उंबऱ्यावरच पथारी पसरतात त्याचं काय? त्या कवितेत मध्यरात्रीची मिरवणूक आहे. बँड, सैनिक आणि शहरातल्या कुख्यात खुन्याच्या बरोबरीनं चालणारे नामवंत कवी-समीक्षक. आठवणींच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी ते पान तरी वाचावं.

क्षिप्राकाठ: शरच्चंद्रांचं कोणीच बोललं नाही अजून.

पोहे_जिरावन: काढा ना धागा, काका. पहिली प्रतिक्रिया माझी. फक्त ‘आमचे आजोबा त्यांना चांगले ओळखायचे’ अशी सुरुवात केलीत तर चहा तुमच्याकडून.