नागमोडी रेषेबद्दल थोडी भर

आवर्तसारणीत धातू आणि अधातू वेगळे करणाऱ्या नागमोडी रेषेला चिकटलेलं प्रत्येक मूलद्रव्य धातुसदृश, म्हणजे धातू-अधातूंच्या मधलं, असं वर एकांनी लिहिलंय. दहावीच्या पेपरात चालून जाईल, पण ॲल्युमिनियमही त्या रेषेला टेकलेलं आहे आणि तो सरळसरळ धातू. मुळात धातुसदृशांची सर्वमान्य व्याख्याच नाही. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम यांवर सहसा भांडण होत नाही; पोलोनियमपाशी आलं की पुस्तकागणिक यादी बदलते.

जर्मेनियमचंच बघा. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८७१ मध्ये, ते सापडायच्या आधीच, 'एका-सिलिकॉन' या नावाने त्याचं भाकीत केलं, तेव्हा अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ (ग्रॅम प्रति घन सेंमी) सांगितली होती. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंक्लरने ते अर्जिरोडाइट खनिजातून वेगळं काढलं. आजचे आकडे ७२.६ आणि ५.३२. एवढं नेमकं भाकीत, तरी पुढची जवळपास पन्नास वर्षं लोक त्याला धड वीज न वाहणारा धातूच समजत होते! शुद्ध नमुना मिळाल्यावर कळलं की तो अर्धवाहक आहे, म्हणजे वीज वाहण्यात धातू आणि विसंवाहक यांच्या मधला. तांब्याची तार तापवली की तिची वाहकता घटते, शुद्ध जर्मेनियमची वाढते.

माझ्या मते खरी पंचाईत कथिलाची. नेहमीचं पांढरं कथिल अस्सल धातू. पण शुद्ध कथिल १३ अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिलं तर हळूहळू राखाडी होऊन त्याचा भुगा होतो, आणि त्या भुग्यातली अणुरचना सिलिकॉनसारखीच, हिऱ्याच्या धर्तीची. मूलद्रव्य तेच. मग ते रेषेच्या कुठल्या बाजूला मांडायचं?