मालिकेच्या शूटिंगला जुनी फियाट द्यायची आहे: कागदात काय मागावं, तयारी काय करावी?

डिलाईट_६८
१९६८ ची फियाट ११०० डिलाईट आहे. रंग नंतर मारलेला, पण क्रोम, हबकॅप, सीटं, स्टिअरिंगवरचा गिअर सगळं जागेवर. एका मालिकेच्या प्रॉडक्शनकडून विचारणा आहे. सत्तरच्या दशकातलं कथानक, वाईजवळचा वाडा, सध्या १२ दिवस आणि पुढे "लागेल तसं". गाडी पुण्यात असते. नायक दोन-तीन प्रसंगांत स्वतः चालवणार, शिवाय पावसातला रात्रीचा एक सीन. भाडं तोंडी ठरलंय, कागद अजून शून्य. खाजगी गाडीचा पॅकेज विमा चालू आहे. विंटेज म्हणून नोंद करून घेतली तर फायदा होईल का?

कलम_कागद
फायदा नाही, अडचणच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीची विंटेज नोंद होते. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो. पण अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, संपलं. तुमची साधी आरसी मुदतीत असेल तर तिला हात लावू नका.

खरा खड्डा विम्यात आहे. पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' हा परिच्छेद काढून वाचा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. सेटवर दार चेपलं आणि सर्व्हेअरने विचारलं, "तिथे गाडी कशासाठी होती?", की क्लेम गेला. म्हणून दोन गोष्टी करा. तुमच्या विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि प्रॉडक्शनच्या विम्यात तुमची गाडी इंजिन-चासी नंबरासह आणि ठरलेल्या किमतीसह लिहून घ्या. "आमचा सगळा इन्शुरन्स असतो हो" याला काडीचा अर्थ नाही, प्रमाणपत्राची प्रत हातात हवी. किंमतही आधी ठरवा: ५ वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, आणि बरेच जण हप्ता वाचवायला ती हास्यास्पद ठेवून बसलेले असतात.

करारात शिफ्ट १२ तासांची धरा. त्यापुढे दर तासाला जादा किती, ने-आण करायच्या दिवसाचं भाडं किती, आदल्या दिवशी रद्द केलं तर किती, हे आकड्यांत. अनामत वेगळी. आणि "लागेल तसं" हे शब्द खोडा. गाडी एकदा पडद्यावर दिसली की कंटिन्युइटीसाठी, म्हणजे आधीच्या प्रसंगांशी मेळ राहावा म्हणून, त्यांना तीच लागते. मग रात्री दहाला फोन येतो, उद्या सकाळी सातचा कॉल आहे. किमान ४ दिवस आधी तारीख कळवायची, असं लिहून घ्या.

पॉइंट_कंडेन्सर
कागदावरचं झालं, आता बॉनेट उघडू.

पुण्याहून फ्लॅटबेडवरच, म्हणजे गाडी पाठीवर घेणाऱ्या ट्रकवरच न्या. खंबाटकी घाट चढवून मग दिवसभर उभी-चालू-उभी करण्यात अर्थ नाही. गाडी चाकांवरून पट्टे टाकून बांधायची, बंपरला किंवा अॅक्सलला हुक लावून नाही.

सेटवर या गाडीला सगळ्यात जास्त छळते ती व्हेपर लॉक. पेट्रोल पंप मेकॅनिकल, तोही इंजिनला चिकटलेला. टेक, रिटेक, उन्हात दहा मिनिटं आयडलिंग, पुन्हा टेक. पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी बरोबर "अॅक्शन" म्हटल्यावर बंद पडते. दोन टेकच्या मध्ये इंजिन बंद आणि बॉनेट उघडं हा नियम करा. पंपावर ओलं फडकं ठेवलं की पाचेक मिनिटांत काम होतं. गरम इंजिन चालू करताना चोक ओढायचा नाही आणि अॅक्सिलरेटर पंपत बसायचं नाही. पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. नव्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) फुगतात, ते आधी बदलून घ्या.

रात्रीचा सीन म्हणजे बॅटरी. चार्जिंगला आल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. आयडलिंगला तो चार्जच करत नाही, डॅशवरचा लाल दिवा मिणमिणत राहतो. ४५ वॅटचे दोन हेडलाइट आणि पार्किंग-टेल धरून साधारण ११५ वॅट, म्हणजे ९-१० अँपिअर. ४० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांत अर्धी. दुसरी चार्ज केलेली बॅटरी बरोबर ठेवा. बॅटरी बसलीच तर कोणीतरी हौशी माणूस जनरेटर व्हॅनच्या बॅटरीवरून जंपर लावायला येईल. ती बहुधा २४ व्होल्टची असते. बल्ब आणि कॉइल दोन्ही जातील.

पावसासाठी: टँकरचं पाणी ग्रिलमधून थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या भागावर येतं. स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घ्या, पाचही बोटांची टोकं कापा. चार प्लगच्या आणि एक कॉइलची अशा पाच वायरी पाच बोटांतून काढा, मनगटाचा भाग डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर ओढून घ्या. सुतळीने बांधायचा नाही, ताणून बसतो. दारांच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर महिन्याभराने पत्रा आतून फुगेल.

ब्रेक चारही ड्रम आणि सर्किट एकच. एक व्हील सिलिंडर गळला की चारही चाकं गेली. ब्रेक ऑइल नवं घाला, होज बघा. चाकांना लाकडी गुटके लावायचे, हँडब्रेकवर भरवसा नको. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दाते सहज जुळवणारी रचना) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला की कर्रर्र. नायकाला हे दहा मिनिटांत शिकवता येत नाही. लाँग शॉटला तुमचा माणूस टोपी-चष्मा घालून चालवेल, क्लोजअपला गाडी ढकलली तरी चालते.

डिलाईट_६८
फार उपयोगी, धन्यवाद. एक राहिलं: काळाच्या मेळासाठी नंबरप्लेट बदलायची आणि दारावर कॅमेरा लावायचा म्हणतात.

सेटवरचा_सुतार
प्लेट काढू देऊ नका. एचएसआरपीचं (हल्लीच्या सक्तीच्या सुरक्षा नंबरप्लेटचं) लॉक एकदाच बसतं, काढलं की तुटतं. खोटी प्लेट तिच्यावरच येते. गोष्ट सत्तरची असेल तर खाजगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, आणि एमएच नको. ती अक्षरं १९८९ ची. बंद आवारातच लावायची आणि गेटबाहेर जायच्या आधी काढायची. रस्त्यावर खोट्या नंबरने पकडलं तर कागद मालकाचे विचारतात.

दुहेरी टेप थेट रंगावर नको. पुटीवर मारलेला रंग टेपसोबत सालीसारखा येतो. मॅग्नेट शीटही पुटी जाड असेल तिथे धरत नाही, आणि खाली धूळ राहिली की चरे. सक्शन कपचंही तेच. दारावर कॅमेऱ्याचा ट्रे टांगला की सगळं वजन बिजागरीवर येतं, त्यामुळे खालून टेकू दिल्याशिवाय परवानगी नाही. क्रोम चमकतं म्हणून डलिंग स्प्रे मारतात. मेणासारखा थर असतो, रॉकेलच्या फडक्याने निघतो. रंगावर मारू द्यायचा नाही, हे आर्ट असिस्टंटला सकाळीच सांगा, दुपारी कोणाला आठवत नाही. धुळीच्या सीनला मुलतानी माती उडवली की त्याच दिवशी एअर फिल्टर काढून झटका.

किल्ली तुमच्या माणसाच्या खिशात. स्पॉटदादाला "जरा पुढे घे" म्हटलं की तो घेतो, बिचारा, त्याला नाही म्हणता येत नाही. गाडीसोबतच्या माणसाचं जेवण आणि राहणं करारात घाला. आणि पॅकअपला गाडी परत मिळाल्याच्या सहीचा कागद पुढे येईल, तेव्हा लाइटदादांनी दिवे उतरवलेले असतात. अंधारात चरा दिसत नाही. सही सकाळी, उन्हात, येतानाच्या फोटोंशी ताडून.