मदत हवी आहे: कर्ण काढताना आधी बेरीज, मग वर्गमूळ, असं का?

नमस्कार मंडळी. गणित सोडून बरीच वर्षं झाली. सध्या भाचीचा अभ्यास घेतोय आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलोय.

काटकोन करणाऱ्या बाजू ६ आणि ८ सेंमी, कर्ण काढा. सूत्र पाठ होतं, कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. ३६ + ६४ लिहिलं, दोघांची मुळं काढली, ६ + ८, झाले १४. पुस्तकामागे उत्तर १०. भाची म्हणते, "मामा, आधी बेरीज करायची, मग मूळ." का, असं विचारलं तर ती गप्प आणि मीही गप्प. नियम नकोय, कारण हवंय.

प्रतिसाद १
आकृती काढली असतीत तर १४ लिहायला हात धजावला नसता. काटकोनाच्या कोपऱ्यावरून वळून गेलात तर ६ + ८ = १४ चालावं लागतं. कर्ण हा तिरका, थेट रस्ता. तो १४ पेक्षा कमीच असणार, आणि सगळ्यात लांब बाजू म्हणून ८ पेक्षा जास्त. उत्तर या दोहोंच्या मध्ये नसेल तर सरळ खोडा.

धागाकर्ता
पटलं. १४ का नाही ते कळलं. पण मग नेमके १०च का?

प्रतिसाद २
कागद घ्या. १४ सेंमी बाजूचा चौरस काढा. एकाच दिशेने फिरत प्रत्येक बाजूवर कोपऱ्यापासून ६ सेंमीवर खूण करा (पुढे ८ उरतात) आणि चारही खुणा ओळीने जोडा. चार कोपऱ्यांत तुमचाच त्रिकोण चार वेळा आला, आणि मध्ये एक तिरका चौकोन उरला. त्याची प्रत्येक बाजू म्हणजे तुमचा कर्ण. तो चौरसच आहे, कारण खुणेपाशी त्रिकोणाचे दोन लघुकोन मिळून ९०° होतात, म्हणून १८०° मधून मधल्या कोनाला ९०°च उरतात.

आता क्षेत्रफळ. मोठा चौरस १९६. एक त्रिकोण २४, चार मिळून ९६. उरले १००. म्हणून कर्ण १०.

(अ + ब)² = अ² + २अब + ब² आठवतंय ना? त्यातलं २अब म्हणजेच हे चार त्रिकोण. मुळं वेगवेगळी घेऊन बेरीज केलीत तेव्हा हे चारही तुम्ही नकळत कर्णाच्या चौरसात कोंबलेत.

प्रतिसाद ३
अवांतर: बौधायनाच्या शुल्बसूत्रातही (यज्ञवेदी दोरीने आखण्याच्या नियमांचा प्राचीन ग्रंथ) हे क्षेत्रफळाच्याच भाषेत आहे. आयताच्या दोन बाजू वेगवेगळी जी क्षेत्रं करतात, ती दोन्ही मिळून कर्णाची दोरी करते. या सूत्रात वर्गमूळ येतच नाही, त्यामुळे मामांसारखा घोळही होत नाही. :)

धागाकर्ता
कागद कापून त्रिकोण बाजूला केले, मधला चौरस मोजला. बाजू १०! भाचीने तो वहीत चिकटवला. आता पुढचं: "काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ५ आणि १३, तिसरी काढा." यावेळी बेरीज आधी केली. १९४, मूळ सुमारे १३.९३. पुस्तकात १२.

प्रतिसाद २
तुमची आकडेमोड चोख आहे, प्रश्न अर्धवट आहे. ५ आणि १३ या काटकोनाच्या बाजू असतील तर तुमचंच उत्तर बरोबर. १३ हा कर्ण असेल तर वजाबाकी, १६९ − २५ = १४४, म्हणजे १२. दिलेली मोठी संख्या कर्णच असते असं मुळीच नाही. कर्ण म्हणजे काटकोनासमोरची बाजू. शेजारी आकृती आहे का? असेल तर काटकोनाची चौकोनी खूण कुठे आहे पाहा.

धागाकर्ता
आहे. खूण १३ च्या बरोबर समोर. भाचीने ती आधीच पाहिली होती म्हणे, पण मामा काय करतात ते बघत बसली होती.