सल्ला हवाय: जेन फॉस्टर थॉर होते ते कॉमिक कुठून सुरू करू? आणि भेट देऊ का?

पानगळ

नमस्कार मंडळी. सुपरहिरो कॉमिक्समध्ये मी एकदम कोरी पाटी आहे, जे काय माहिती आहे ते सिनेमांपुरतं. २०२२ चा 'थॉर: लव्ह अँड थंडर' पाहिला, त्यात जेन हातोडा उचलते आणि तिला कॅन्सरही आहे हा भाग मनात राहिला, पण सिनेमाला त्यासाठी वेळच नव्हता असं वाटलं, जरा कुठे रडू येतंय म्हणेपर्यंत ते बोकड किंचाळायला लागतात. नंतर कळलं की ही गोष्ट मुळात कॉमिकमधली आहे आणि तिथे चांगली ऐसपैस सांगितलीय. म्हणून शोधायला गेले तर डोकं गरगरलं. नुसतं 'थॉर' वेगळं, 'द मायटी थॉर' वेगळं, प्रत्येकाचा अंक १ वेगळा, आणि एका ठिकाणी तर अंक २३ नंतर थेट ७००!! मधले सगळे अंक कुठे गेले?

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, हे पुस्तक मला एका जवळच्या मैत्रिणीला भेट द्यायचंय, तिची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू आहे. तिला वाचनाचं वेड आहे, कॉमिक्सही वाचते. पण हे द्यावं की नको तेच ठरत नाहीये.

शेवट फोडू नका प्लीज. अगदीच सांगावा लागला तर आधी ओरडून सांगा.

उचापती

अरे वा, कधी नव्हे तो माझ्या आवडीचा धागा आला. सरळ २०१४ चा 'थॉर' अंक १ उचला, मागचंपुढचं काही वाचत बसू नका. लेखक जेसन ॲरन, चित्रं रसेल डॉटरमन, रंग मॅथ्यू विल्सन. याचे ८ अंक आणि एक ॲन्युअल (वार्षिक विशेषांक). मग २०१५ च्या शेवटी सुरू झालेला 'द मायटी थॉर' १ ते २३, आणि मग ७०० ते ७०६. झालं, एवढंच.

७०० ची भानगड अशी की मार्व्हल दर दोनचार वर्षांनी अंक १ पासून नव्याने मोजायला लागतं आणि मग मोठा आकडा जवळ आला की जुनी मोजणी परत काढतं. थॉर पहिल्यांदा आला १९६२ मध्ये 'जर्नी इंटू मिस्ट्री'च्या अंक ८३ मध्ये, पुढे त्याच मासिकाचं नाव 'थॉर' झालं, त्या मासिकाच्या पहिल्या अंकापासूनची सगळी बेरीज करून हा ७०० आलाय. म्हणजे २३ नंतर ७०० उघडायचा, मधलं एक पानही चुकत नाही. आणि गंमत म्हणजे जेनही तेवढीच जुनी आहे, १९६२ मध्येच पुढच्या अंकात आली, तेव्हा नर्स होती आणि थॉरसाठी उसासे टाकणं एवढंच काम. आता ती डॉक्टर आहे.

पुस्तकरूपात घेणार असाल तर 'द गॉडेस ऑफ थंडर' आणि 'हू होल्ड्स द हॅमर?' ही पहिली दोन, मग 'थंडर इन हर व्हेन्स'पासून पुढे पाच.

पूर्वपीठिका दोन वाक्यांत: निक फ्युरी (मार्व्हलमधला गुप्तहेर) थॉरच्या कानात काहीतरी कुजबुजतो आणि त्या क्षणापासून थॉरला स्वतःचाच हातोडा (जो फक्त लायक असलेल्यालाच उचलता येतो) उचलता येत नाही, हातोडा चंद्रावर पडून राहतो. अंक १ उघडतो तेव्हा गडी तिथेच चंद्रावर हातोड्याशी झटापट करत असतो. मग कोणीतरी बाई येते आणि उचलून नेते. ती कोण हे अंक ८ पर्यंत गुपित आहे. सिनेमाने ते तुमच्यासाठी आधीच फोडलंय, पण खरं सांगू, माहीत असून वाचताना जास्त मजा येते. थॉर बिचारा संशयितांची यादी करून एकेक नाव खोडत फिरतो आणि आपण हसत बसतो.

टोचणी

उचापतीशेठ, अर्धवट सल्ला देऊ नका हो. याच लेखकाची आधीची मालिका आहे, २०१२ ची 'गॉड ऑफ थंडर', निदान तिचे पहिले ११ अंक आधी वाचायला हवेत. देवांना एकेक करून मारत सुटलेल्या गॉरची गोष्ट आहे ती, आणि 'देव मुळात कुणाच्या कामाचे असतात का' हा प्रश्न तिथे पडतो. जेनची सगळी गोष्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्नच माहीत नसेल तर उत्तर काय कप्पाळ कळणार. सिनेमात गॉर आणि जेन एकाच गोष्टीत कोंबले आणि दोघांचाही चिवडा झाला तो याचमुळे.

आणि एक इशारा. पहिले चार अंक लोक म्हणतात तेवढे ग्रेट नाहीत. हिम-राक्षस, रॉक्सॉन नावाची तेलकंपनी, तिचा मालक डॅरिओ ॲगर जो बैलाचं डोकं लावून फिरतो (खरंच, मिनोटॉर आहे तो), हे सगळं भडक आहे. अंक ५ मध्ये तो ॲब्सॉर्बिंग मॅन नावाचा खलनायक 'बाई थॉर कशी' म्हणून तणतणतो आणि ही त्याचा जबडा फोडते, ते तर सरळ वाचकांच्या पत्रांना दिलेलं उत्तर वाटतं. मला पटलं तरी गोष्ट थांबवून भाषण दिल्यासारखं झालं.

उचापती

अहो पण ती पत्रं तशीच होती ना! २०१४ च्या जुलैमध्ये घोषणा झाली तेव्हा काय गदारोळ उठला होता. माझा एकच सवाल असतो अशा लोकांना. १९८३ मध्ये थॉरचा तेव्हाचा लेखक-चित्रकार वॉल्ट सायमनसनने घोड्याच्या तोंडाच्या बीटा रे बिल नावाच्या परग्रहवासियाच्या हातात हातोडा दिला, लोकांनी डोक्यावर घेतला. १९८६ मध्ये खुद्द थॉर बेडूक झाला, आणि त्या बेडकाने हातोडा उचलला, तेही आजतागायत लाडकं. कॅप्टन अमेरिकाने उचलला. घोडा चालतो, बेडूक चालतो, बाई आली की लगेच परंपरा आठवते.

आणि ११ अंक आधी वाचा म्हणणं म्हणजे नव्या माणसाला दारातच अडवणं. ज्याला लागेल तो मागे जाऊन वाचेल की.

रातकिडा

वाद चालू द्या, मी चित्रांबद्दल बोलतो कारण कोणी बोलतच नाहीये आणि माझ्या मते निम्मं कॉमिक तिथेच आहे.

अंक २ नीट बघा. ती तोंडाने बोलते तेव्हा जुन्या थाटाची देवांची भाषा, ठेवणीतली वळणदार अक्षरं. पण डोक्यात काय चाललंय ते ढगाच्या फुग्यात, साध्या अक्षरात, साध्या माणसासारखं, 'अरे देवा मी हे काय बोलतेय' छापाचं. म्हणजे एकाच चौकटीत ती थॉर पण आहे आणि आत ही घाबरलेली डॉक्टरीणबाई पण. ओळख गुपित असताना हाच सगळ्यात मोठा धागा हातात असतो. अक्षरजुळणी जो साबिनोची. आवाजाचे शब्द पण वरून चिकटवलेले नाहीत, वीज कडाडली की तो शब्दच विजेसारखा फाटलेला असतो, बर्फातला आवाज बर्फासारखा तडकलेला.

दुसरं म्हणजे हातोडा उडतो कसा. आधीच्या थॉरने फेकला की सरळ जायचा, आपटायचा, परत यायचा. हिच्या हातून सुटला की वळतो, गिरक्या घेतो, पाचसहा जणांना झोडपत झिगझॅग फिरतो. अंक ४ मध्ये आधीचा थॉर हे समोरून बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की हा आपल्यासाठी असा कधीच उडाला नव्हता. तो त्यानंतर जे करतो ना ते मला पूर्ण मालिकेतलं सगळ्यात देवासारखं वागणं वाटतं. काय ते सांगत नाही.

एक तक्रार आहेच, मधल्या मधल्या अंकांत दुसरे चित्रकार येतात. वाईट नाहीत पण डॉटरमन-विल्सनची सवय झाली की ठेच लागते.

सोनसळी

पानगळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी फिरकलंच नाही म्हणून लिहितेय. मी स्वतः यातून गेलेय, ब्रेस्ट कॅन्सरच, आणि हे कॉमिक ट्रीटमेंट संपल्यावर वाचलं. मला खूप आवडलं. तरी सरसकट 'द्या' म्हणणार नाही.

आवडलं कशासाठी ते सांगते. यात जेनला केमोच्या खुर्चीत बसलेली दाखवलीय, डोक्यावर केस नाहीत, गालफडं बसलेली, उलट्या, आणि तसल्या अवस्थेत ती वेगवेगळ्या जगांच्या सभेत पृथ्वीची प्रतिनिधी म्हणून जाऊन बसते आणि भांडते. म्हणजे हातोडा हातात नसतानाही ती कामाला जुंपलेली आहे. आजारी बाई म्हणजे कोपऱ्यात बसून सगळ्यांना प्रेरणा देणारी समई, असं केलेलं नाही याचं मला फार बरं वाटलं. ती चिडते, थकते, खोटं बोलते. जादूने बरं करून देतो म्हणणाऱ्यांना नाही म्हणते कारण जादूची किंमत कुठेतरी फेडावी लागतेच असं तिचं मत आहे. हे नाही म्हणणं आधीच्या मालिकेतल्या अंक १२ मध्ये आलंय, तेवढा एक सुटा अंक आधी वाचला तरी चालेल, टोचणींचंही समाधान होईल.

आता नाजूक भाग. (कथेचा गाभा सांगतेय, शेवट नाही.) तिने हातोडा उचलला की शरीर देवाचं होतं आणि जे जे विष आहे ते धुऊन निघतं. केमो हे विषच, ते धुतलं जातं. गाठ मात्र तिच्याच पेशींची, ती तशीच राहते. परत माणूस झाली की औषध नाही आणि आजार आहे तिथेच, थोडा पुढे गेलेला. म्हणजे जगाला वाचवायला गेली की प्रत्येक वेळी स्वतःची ट्रीटमेंट पाण्यात. गोष्ट म्हणून हे जबरदस्त आहे, मी वाचताना दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. पण ज्या बाईचं केमोचं पुढचं सायकल येत्या आठवड्यात आहे, जी आधीच 'घरचं कोण बघेल' म्हणून तारखा पुढे ढकलायच्या विचारात असू शकते, तिच्या हातात हे आपण न विचारता ठेवायचं का? लेखक तिच्या वागण्याला टाळ्या वाजवत नाही हे खरं आहे, पुढे तिचे जवळचे लोक तिला समोर बसवून थांब म्हणून सांगतात, आणि तो प्रसंग फार खरा उतरलाय. पण तिथपर्यंत पोचायला बरीच पानं जावी लागतात.

शिवाय शेवटच्या पुस्तकाचं नावच 'द डेथ ऑफ द मायटी थॉर' आहे. ते कपाटात समोर दिसत राहणं काहींना चालेल, मला तेव्हा चाललं नसतं.

माझा सल्ला, सरप्राइज देऊ नका. तिला सांगा की असं असं कॉमिक आहे, कॅन्सर आहे त्यात, बरंच स्पष्ट आहे, वाचावंसं वाटतंय का. ती हो म्हणाली तर बिनधास्त द्या. नाही म्हणाली तर तिला काहीतरी भयंकर विनोदी द्या, आम्हाला तेव्हा तेच हवं असतं.

टोचणी

सोनसळीताई, हॅट्स ऑफ. अंक १२ चा तोडगा मान्य, माझे ११ अंक मागे घेतो. नाही, घेत नाही, पण हट्ट सोडतो.

पानगळ

सोनसळीताई, काय बोलू. ते तारखा पुढे ढकलण्याचं तुम्ही लिहिलंत ते अगदी तिचंच आहे, मुलाच्या परीक्षेसाठी करून झालंय तिचं एकदा. मी आधी स्वतःसाठी पहिली दोन पुस्तकं घेतेय आणि तिला फोनवरच सरळ विचारते.

उचापती, मधे 'थॉर्स' नावाचंही काहीतरी दिसतंय २०१५ चं, आणि 'अनवर्दी थॉर'. ते यात धरायचं का?

उचापती

'थॉर्स' सोडा. चार अंकांचं आहे, तेव्हाच्या एका महा-इव्हेंटमधलं, त्यात सगळ्या विश्वांतले थॉर पोलीस होऊन खुनाचा तपास करतात, कल्पना धमाल आहे पण जेनच्या गोष्टीला अडत नाही.

'द अनवर्दी थॉर' मात्र घ्या, २०१६ चे ५ अंक, चित्रं ऑलिव्हिए कोपेल. ७०० च्या आधी कधीही वाचा. फ्युरी काय कुजबुजला होता ते तिथे कळतं. हो टोचणी, तिथे तुमचा गॉर उपयोगी पडतो, खूश?

दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी एक जुनी गोष्ट जोडलीय, १९७८ च्या 'व्हॉट इफ'ची, त्यात जेनला हातोडा सापडतो आणि ती स्वतःला थॉर्डिस म्हणवून घेते. ती वगळू नका, बाकी काही नाही तरी तो काळ काय होता ते कळेल. ॲरनच्या थॉरनंतर लगेच वाचली की चांगलीच टोचते.

रातकिडा

'मायटी थॉर' अंक १२ वर आलात की इथे येऊन सांगा. हातोड्याच्या आत काय आहे ते त्यात कळतं आणि मला त्यावर कोणाशी तरी बोलायचंय, उचापतीला ते आवडलं नाही म्हणून तो विषयच काढू देत नाही.

उचापती

कारण हातोड्याला मन असलं की उचलणाऱ्याच्या लायकीचं काय राहिलं मग? निवडून दिल्यासारखं झालं ते.

सोनसळी

मला उलट वाटतं, पण पानगळ वाचून होईपर्यंत गप्प बसते. स्पॉयलर आहे रे बाबांनो, कमेंट एडिट करा दोघंही.